कारखान्याच्या दारातून आलेले औषध

खडकीच्या लहानशा भूगोलात आरोग्यसेवेची किमान चार संस्थाने नांदतात. पहिले लष्कराचे : सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी येथे सैनिकी रुग्णालय आहे. दुसरे दारूगोळा कारखान्याचे. १८६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याच्या कामगाराला सरकारी नोकर म्हणून वैद्यकीय सवलती मिळत आल्या. तिसरे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या रुग्णालयाचे, जेथे परिसरातील सामान्य रहिवासी जातो. चौथ्या संस्थानाची इमारत मात्र चटकन नजरेत भरत नाही. ते कामगाराच्या खिशातील विमापत्रात असते. खडकी, पिंपरी, भोसरी येथील खासगी कारखान्यांत राबणाऱ्या माणसाच्या घरी औषध येते ते या विमापत्राच्या आधाराने. ही संस्थाने एकमेकांना लागून असली तरी एकाचा परवाना दुसऱ्यात चालत नाही.

या विभागणीकडे आम्ही प्रथम गांभीर्याने पाहिले ते २०१९ साली, एका विद्यार्थिनीमुळे. वाहनउद्योगातील मंदीचे ते वर्ष. खडकीत राहणाऱ्या या मुलीचे वडील भोसरीच्या एका लघुउद्योगात होते. ऑगस्टअखेर त्यांचे काम सुटले. ऑक्टोबरात ती आमच्याकडे परीक्षेच्या शुल्काची मुदत मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "सर, आई इन्सुलिन निम्मंच घेते. बाबांचं कार्ड बंद झालं ना." नोकरी वडिलांची गेली होती, औषध मात्र आईचे बंद झाले होते. आई घरोघरी स्वयंपाकाची कामे करीत असे, म्हणजे कमावतीच होती. तरीही विम्याच्या कागदावर तिची ओळख एकच : 'अवलंबित'. हे असे का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच मागे जावे लागले.

आजारी कामगाराचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न आपल्याकडे प्रथम संघटितपणे विचारला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक परंपरेतील हे 'दीनबंधु'कार. १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभांतून त्यांनी ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यांत साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. तिच्या एक वर्ष आधी, १८८३ साली, बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या आजारपणाचा विमा कायद्याने सक्तीचा केला होता. आपल्याकडे अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. साध्या आजारपणाचा विचार त्याहूनही पुढे गेला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने त्याची चर्चा केली खरी, परंतु कृती झाली नाही.

निर्णायक वळण आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४२ ते १९४६ या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल सादर झाला. आडारकरांनी कापड, अभियांत्रिकी, खनिजे व धातू अशा मोजक्या संघटित उद्योगांपासून आरंभ सुचविला. जेथे हजेरीपट आहे, जेथे पगारातून वर्गणी कापता येते, तेथेच विमा चालेल, असा त्यामागील व्यवहारी विचार होता.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. तिचे मूलतत्त्व निराळे होते : पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये. येथे कारखाना, पगार, वर्गणी यांपैकी कशाचीही अट नव्हती. माणूस असणे पुरेसे होते.

एकाच सरकारच्या टेबलावर अशा दोन वाटा होत्या. पैकी आडारकरांच्या वाटेचे कायद्यात रूपांतर झाले. भोर समितीच्या वाटेवर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, पण तिचे मूळ वचन अपुरेच राहिले. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तेथे उपचारांचा नोकरीशी असलेला संबंध तुटला. आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षी तो कायद्याने बांधला गेला. यात आडारकरांना दोष देण्याचे कारण नाही. नव्या, गरीब राष्ट्राला जेवढे झेपेल तेवढे त्यांनी मांडले. परंतु आरंभासाठी म्हणून काढलेली रेघ पुढे कायमची भिंत झाली, हे नोंदविणे भाग आहे.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला. महाराष्ट्रात ती १९५४ साली प्रथम नागपूर आणि मग मुंबई येथे आली. सुरुवातीला उपचार केवळ कामगारासाठी होते. कुटुंबीयांना ते मिळू लागले १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने. म्हणजे पत्नीचा प्रवेश उशिरा झाला, आणि तोही पतीच्या हजेरीच्या दारातून. ज्या सरकारी कारखान्यांत तत्सम किंवा अधिक चांगल्या सवलती आहेत, त्यांना कायद्याने वगळले होते. खडकीच्या एकाच आळीत दोन शेजाऱ्यांचे दवाखाने निराळे का, याचे मूळ येथे आहे.

आता त्या मुलीच्या आईकडे येऊ. आम्ही नियम वाचावयास बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली जी त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. तेव्हाच्या नियमांनुसार वर्षाचे दोन वर्गणीकाल असत : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर उपचारांचा हक्क पुढील वर्षाच्या ३० जूनपर्यंत टिकत असे. वडिलांनी एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत काम केले होते. ७८ दिवस केव्हाच भरले होते. म्हणजे कार्ड बंद झालेलेच नव्हते. कारखान्याचे दार बंद झाले म्हणजे दवाखान्याचेही झाले, असे त्यांनी गृहीत धरले होते आणि त्या गृहीतकापायी आईने दोन महिने इन्सुलिन निम्म्यावर आणले होते. कामावरून काढताना त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

नोकरी गेलेल्यांसाठी कायद्याने काहीच केले नाही, असे नव्हे. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडल्यास वा कामगारकपात झाल्यास बेकारीभत्ता आणि त्या काळात कुटुंबाला उपचार, अशी तिची तरतूद. २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. मेख अशी की पहिल्या योजनेत कपात ही कपात म्हणून कागदावर यावी लागते. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांकडून राजीनामा लिहून घेतला होता. स्वेच्छेने काम सोडणाऱ्यास कपातीचा लाभ कसा मिळणार? या कागदाने त्यांचा भत्ता गेला. ३० जूनपर्यंतचा हक्क मात्र वर्गणीतून आलेला असल्यामुळे अबाधित राहिला.

मग 'जीवनदायी'चे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर आली; २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. पिवळी-केशरी शिधापत्रिका हा तिचा आधार होता आणि १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत, तर मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत गेली. नोकरीची अट येथे गळून पडली, आणि आडारकरांच्या रेघेपलीकडे टाकलेले हे मोठे पाऊल आहे. परंतु ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. रोज घ्यावयाचे इन्सुलिन तिच्यात बसत नाही. त्या औषधावाचून मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिस मात्र बसते. रोग वाढेपर्यंत थांबणाऱ्या मदतीला विमा म्हणता येईल. त्याला आरोग्य म्हणताना मात्र जीभ अडखळते.

खासगी विम्याचा पर्यायही त्या घराने चाचपून पाहिला होता. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणल्यापासून मध्यमवर्गाने त्यावर विसंबायला सुरुवात केली. पण आधीपासून असलेल्या आजारासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि हप्ता भरावा लागतो तो नेमका पगार थांबलेला असताना. शिवाय या विम्याचाही भर रुग्णालयातील खर्चावरच असतो.

तेव्हा त्या आईला आमच्या विद्यार्थिनीने पुन्हा दवाखान्यात नेले आणि पुढील जूनपर्यंत औषध मिळत राहिले. नंतर वडिलांना कंत्राटी काम लागले. त्या कंत्राटदाराकडे वर्गणी भरली जात नव्हती. तेव्हापासून जेनेरिक औषधांचे दुकान आणि सरकारी रुग्णालयाची रांग यांवर त्यांचे चालले आहे.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. असंघटित आणि फलाटांवरून काम मिळवणाऱ्या कामगारांचा तिच्यात उल्लेख आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तिची परीक्षा आमच्या मते एकाच जागी होईल. लोखंड्यांनी १८८४ साली जखमी गड्याचा निर्वाह मागितला. खडकीतील त्या स्वयंपाकीण बाईंची मागणी त्याहून साधी आहे : आपले औषध आपल्या नावावर मिळावे, पतीच्या हजेरीवर नव्हे. भोर समितीने ते १९४६ सालीच सुचवून ठेवले आहे. दरम्यान, ज्यांच्या घरी नोकरी सुटली आहे त्यांनी कार्ड फेकून देण्याआधी, हक्क कोणत्या तारखेपर्यंत टिकतो हे विमा कार्यालयात विचारून घ्यावे, एवढीच आमची विनंती.