एकाच राज्यातले दोन परके

इ. स. १८७१ मध्ये बिस्मार्कने जर्मनीतील लहानमोठी राज्ये एका छत्राखाली आणली. शाळेत हे वर्ष आपण पाठ केले ते युद्धासाठी आणि सम्राटासाठी. परंतु त्याच वर्षाने जर्मनीतल्या दोन अल्पसंख्य वर्गांचे भवितव्यही ठरवून टाकले. पिढ्यानपिढ्या नाना निर्बंधांखाली जगलेल्या ज्यूंना साऱ्या साम्राज्यात समान नागरिकत्व मिळाले. आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या दंडसंहितेच्या १७५ व्या कलमाने पुरुषापुरुषांमधील शरीरसंबंध देशभर गुन्हा ठरला. बव्हेरियात १८१३ पासून तो गुन्हा नव्हता. राष्ट्र एक झाले आणि तेथील निरपराध माणसे गुन्हेगार झाली!

ज्यूंना उघडलेले दारही पुरते उघडे नव्हते. ज्यू मुले डॉक्टर झाली, वकील झाली, वर्तमानपत्रे चालवू लागली. पण प्रशियाच्या लष्करात अधिकारपद मिळणे त्यांना जवळजवळ अशक्यच असे. कायद्याने आत घेतले, तरी ओसरीवरच बसवले.

हे दोन्ही परकेपण एकाच माणसाच्या वाट्याला आले. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हा १८६८ साली बाल्टिक किनाऱ्यावरील कोलबेर्ग येथे एका ज्यू वैद्याच्या घरी जन्मला. तो स्वतः समलिंगी होता. त्याच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने लग्नाच्या तोंडावर आत्महत्या केली आणि मागे डॉक्टरसाठी पत्र ठेवले. त्या पत्राने हिर्शफेल्डच्या आयुष्याला दिशा दिली. १८९७ साली त्याने बर्लिनमध्ये १७५ वे कलम रद्द व्हावे म्हणून समिती स्थापन केली. तिच्या अर्जावर पुढे आइन्स्टाइन आणि टोमास मान यांच्यासारख्यांनी सह्या केल्या. १९१९ साली त्याने कामविज्ञानाची संस्था उघडली. तेथे ग्रंथालय होते, दवाखाना होता आणि घाबरून आलेल्या माणसाला निर्धास्तपणे बोलता येईल अशी खोली होती. १९२९ मध्ये संसदेच्या समितीने ते कलम काढून टाकावे असा कौलही दिला. घास अगदी ओठांशी आला होता.

पण वारे फिरलेच होते. १९२० साली म्युनिकमध्ये गुंडांनी हिर्शफेल्डला इतके मारले की तो मेल्याच्या बातम्या छापून आल्या आणि स्वतःचा मृत्युलेख त्याने स्वतःच वाचला! ज्यू म्हणून मारले की समलिंगी म्हणून? मारणाऱ्यांना तो फरक करण्याची गरजच नव्हती. १९३० च्या अखेरीस तो व्याख्यानांसाठी परदेशी गेला, १९३१ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेला. मायदेशी मात्र परतला नाही. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्याची संस्था लुटली आणि १० मे रोजी बर्लिनच्या चौकात तिचे ग्रंथ जाळले. आपल्या आयुष्याच्या कामाची ती होळी त्याने पॅरिसमधल्या चित्रपटगृहात, पडद्यावर पाहिली. १९३५ साली, आपल्या ६७ व्या वाढदिवशीच, तो नीस येथे वारला.

त्याच १९३५ साली जून महिन्यात १७५ वे कलम अधिक कडक झाले आणि सप्टेंबरात न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले. पुढील संहाराची तुलना करू नये. ज्यूंच्या बाबतीत तान्ह्या मुलांसकट सारी जातच नष्ट करण्याचा बेत होता आणि ६० लाख जीव त्यात गेले. समलिंगी पुरुषांपैकी सुमारे ५०,००० जणांना शिक्षा झाल्या आणि हजारो छावण्यांत गेले. तेथे त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे.

१९४५ मध्ये छावण्यांची दारे उघडली. वाचलेल्या ज्यूंपाशी घर उरले नव्हते, गणगोत उरले नव्हते. पण त्यांच्यावर अन्याय झाला हे जगाने मान्य केले. १९५२ साली पश्चिम जर्मनीने इस्रायलशी भरपाईचा करार केला. गुलाबी त्रिकोणवाल्यांना एवढेही मिळाले नाही. काहींना उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावे लागले. नाझींनी कडक केलेले कलम पश्चिम जर्मनीने तसेच ठेवले, १९५७ मध्ये घटना न्यायालयाने ते वैध ठरवले आणि १९६९ पर्यंत त्याखाली आणखी सुमारे ५०,००० माणसे दोषी ठरली. ज्याला छळ सोसावा लागला त्याला तो सांगण्याचीही चोरी! सांगितले की गुन्हा कबूल केल्यासारखे होई.

१९६९ मध्ये कलम सैल झाले आणि १९९४ मध्ये पुसले गेले. म्हणजे १२३ वर्षे लागली. नाझी काळातील शिक्षा २००२ मध्ये रद्द झाल्या, युद्धोत्तर काळातील २०१७ मध्ये. त्याच साली समलिंगी विवाहालाही मान्यता मिळाली. तोवर अर्ज करायला मूळ शिक्षा झालेल्यांपैकी कितीसे उरले असणार?

समाजातले स्थान हे बक्षीसपत्रासारखे नसते. राजवट बदलली की ते काढून घेता येते, हे ज्यूंनी १८७१ ते १९३५ या दोन पिढ्यांत अनुभवले. आणि राजवट उलथली तरी सर्वांची सुटका एकाच दिवशी होत नाही, हे समलिंगी माणसांनी १९४५ नंतर अनुभवले. म्हणून एखाद्या देशाने एका परक्याला आपले म्हटले की आनंद मानावा. पण दुसरा कोण अजून दाराबाहेर उभा आहे, हेही त्याच वेळी विचारावे.