गोधडीच्या तुकड्यावरून सापडलेली सारा

आज अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या बायांबद्दल बोलू. राण्या-सरदारणी नव्हेत, दळणकांडण, शिवणटिपण करणाऱ्या साध्या बाया. अशा बाईचा माग कसा काढायचा?

तिकडे १५३८ साली हुकूम निघाला, की प्रत्येक गावच्या चर्चमध्ये वही ठेवायची. बाप्तिस्मा म्हणजे त्यांचं बारसं, लग्न आणि दफन, तिन्ही त्यात लिहायचं. सोपं वाटतं ना? पण बाळाच्या नोंदीत बापाचं नाव-आडनाव आणि आईचं बहुधा नुसतं पहिलं नाव. तेही मेरी, ॲन, एलिझाबेथ, सारा यांतलंच! एका गावात चार मेरी असल्या तर आपली कोणती? शिवाय लग्न झालं की आडनाव बदललं, माहेर हातातून सुटलं.

म्हणून शोधणारे आधी लग्नाची नोंद गाठतात, कारण माहेरचं आडनाव तिथेच मिळतं. १७५४ पासून नव्या कायद्याने त्या नोंदीवर नवरा-नवरीची आणि दोन साक्षीदारांची सही लागायची. निम्म्याहून जास्त नवऱ्यामुली फुली मारत. आपल्याकडे आजीचा अंगठा, तशी ती फुली. साक्षीदारांची नावंही बघावीत. कधी कधी ती माहेरची माणसं निघतात.

नवरा जिवंत असेपर्यंत बाईच्या हाती स्वतःची मालमत्ता जवळजवळ नसायचीच, म्हणून तिचं मृत्युपत्र क्वचितच सापडतं. उलट अडचणीतली गरीब बाई कागदावर जास्त दिसते. लग्नाआधी दिवस गेले, की मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून अधिकारी तिला बापाचं नाव विचारायचे आणि जबाब लिहून ठेवायचे. मला याचं वाईट वाटतं. जिची अब्रू चव्हाट्यावर आली, तिचीच हकीकत आपल्यापर्यंत पोचली.

आणि काही बाया सापडतात त्या कापडावरून! लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल नावाची संस्था १७४१ पासून सांभाळता न येणारी तान्ही बाळं घेऊ लागली. तिथे बाळाला नवीन नाव मिळायचं. मग पुढे ओळखायचं कसं? म्हणून बाळाच्या कागदाला खूण म्हणून कापडाचा तुकडा टाचणीने लावत. कुठे फुलाफुलांचं सुती कापड, कुठे रिबीन. (अशा कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात, तो शब्द आपल्या छिटावरूनच गेलाय, बरं का.) १७६० पर्यंत १६,२८२ बाळं आली. आयांनी परत नेली ती फक्त १५२. दोनतृतीयांशांहून जास्त तर दगावलीच.

सारा बेंडर या बाईचा चार्ल्स तिथे दाखल झाला ११ फेब्रुवारी १७६७ ला. त्याच्यासोबत होती गोधडीसारखी, चिंध्या जोडून शिवलेली एक पट्टी. तिच्यावर बदाम भरलेला आणि लाल दोऱ्याने काढलेली दोन इंग्रजी अक्षरं, एस आणि सी. सारा आणि चार्ल्सच असणार! पट्टी मधोमध कापलेली. अर्धी बाळाच्या कागदाला, दुसरी अर्धी आईपाशी ठेवायची.

चार्ल्सचं नाव तिथे बेंजामिन ट्विर्ल झालं. आठ वर्षं गेली. १० जून १७७५ ला सारा आली आणि आपल्या लेकाला घेऊन गेली.

संस्थेकडचा तो अर्धा तुकडा लंडनच्या दप्तरखान्यात अजून जपून ठेवलेला आहे.