मेहरौलीचा उरूस



उरूस म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पिराला गलेफ चढतो, मलिद्याचा नैवेद्य होतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड रंगतो. गलेफाचा मान कुणाचा, नारळ कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि कित्येक गावांत तो मान हिंदू घराकडेच असतो. दरवर्षी होते, म्हणून त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण एक साल असे आले की, एका ठिकाणचा उरूस नेहमीसारखा भरावा ही अट घालून ७८ वर्षांच्या एका वृद्धाने आपला प्राण पणाला लावला. ते साल १९४८, ठिकाण दिल्लीजवळची मेहरौली आणि तो वृद्ध म्हणजे महात्मा गांधी.

मेहरौली हे गाव दिल्लीच्या दक्षिणेला, कुतुबमिनाराच्या शेजारी. तेथे ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे हे शिष्य आणि बाबा फरीदांचे गुरू. ते १२३५ साली निवर्तले. दर्ग्यापासून जवळच योगमाया देवीचे देऊळ आहे. अकबरशहा दुसरा याचा मुलगा मिर्झा जहांगीर याला इंग्रजांनी अलाहाबादेस धाडले होते. तो सुटून आला तर दर्ग्याला फुलांची चादर वाहीन, असा नवस त्याच्या आईने केला, अशी हकीकत सांगतात. मुलगा आला, नवस फेडला आणि बादशहाच्या इच्छेने देवीलाही फुलांचा पंखा गेला. त्यातून ‘फूलवालों की सैर’ नावाची जत्रा सुरू झाली. उरूस निराळा, ही जत्रा निराळी. पण दोन्हींत सगळा गाव सामील असे.

मग १९४७ साल उजाडले. देशाची फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून हिंदू आणि शीख निर्वासितांचे लोंढे दिल्लीत आले. कुणाची शेतीवाडी गेली होती, कुणाची माणसे डोळ्यांदेखत मारली गेली होती. त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण त्या दुःखाचा सूड दिल्लीतल्या अशा मुसलमानांवर उगवला गेला, ज्यांनी पंजाबात काही केलेले नव्हते. सप्टेंबरात दंगल पेटली. हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथल्या छावण्यांत जीव मुठीत धरून बसले. मशिदींतून निर्वासितांचे संसार थाटले गेले. मेहरौलीच्या दर्ग्याचीही नासधूस झाली. संगमरवरी जाळ्या फोडल्या गेल्या.

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण आरंभले. माणसांची मने पालटल्याखेरीज ते सोडायचे नव्हते. १८ जानेवारीला राजेंद्रप्रसादांच्या घरी जमलेल्या हिंदू, मुसलमान, शीख अशा नाना पक्षांच्या शंभराहून अधिक पुढाऱ्यांनी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. मुसलमानांचे प्राण, मालमत्ता आणि धर्म यांचे रक्षण करू, असे वचन दिल्यावर लगेच पुढे उरुसाची बाब होती: ख्वाजासाहेबांचा उरूस यंदाही नेहमीसारखा भरेल. मग सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज येथे मुसलमानांना निर्धास्त फिरता येईल, मशिदी परत दिल्या जातील, गेलेले लोक परत येऊ शकतील, अशी कलमे होती. आणि शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. हे सारे आम्ही स्वतः करू, पोलीस आणि लष्कर यांच्या जोरावर नव्हे. त्यानंतरच गांधीजींनी मौलाना आझादांच्या हातून फळांचा रस घेतला.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या प्रश्नांत एका उरुसाचे एवढे काय? पण आपल्या गावाचा विचार करून पाहा. पहाऱ्यात दुकान उघडता येते, रस्त्यावरून चालता येते. जत्रा मात्र भरत नाही. बायकापोरे घेऊन माणूस गर्दीत शिरतो, तो शेजाऱ्याचा भरवसा असेल तरच. उरूस भरला, म्हणजे भरवसा परत आला. कागदावरचे वचन खरे की खोटे, हे तपासण्याची याहून साधी परीक्षा नव्हती.

२७ जानेवारीला ती परीक्षा झाली. उरूस भरला. मुसलमान आले, हिंदू आले आणि ज्यांच्या जखमा अजून ओल्या होत्या, ते शीखही आले. आठवड्यापूर्वीच, २० तारखेला, गांधीजींच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला होता. तरी ते मेहरौलीला गेले. मोडलेली जाळी पाहून त्यांना क्लेश झाले. त्याच सुमारास सरहद्द प्रांतात पाराचिनार येथे हिंदू आणि शीख निर्वासितांची कत्तल झाल्याची बातमी आली होती. गांधीजींनी ती लपवली नाही. भर मेळ्यात ती सांगितली आणि तिचा सूड येथल्या कुणावर घेऊ नका, अशी विनवणी केली.

तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांचा खून झाला. खून करणारा आपल्या महाराष्ट्रातला होता. आणि त्यानंतर आपल्याकडे काय झाले, हेही विसरता येणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मारेकऱ्याची जात तीच एवढाच त्यांचा अपराध. मेहरौलीला जे करू नका म्हणून त्या वृद्धाने हात जोडले, तेच त्याच्या नावाने केले गेले.

गुरुजनहो, ३० जानेवारीला आपण मुलांना हुतात्म्यांची आठवण सांगता. त्या वेळी २७ जानेवारीचीही गोष्ट सांगा. एकाच्या गुन्ह्याची फेड दुसऱ्याकडून मागू नये, एवढेच तिच्यात आहे. १९४२ साली इंग्रजांनी बंद केलेली फुलांची जत्राही पुढे पंडित नेहरूंच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाली, दर्ग्याला चादर आणि देवीला पंखा पुन्हा जाऊ लागला. मोडलेली रीत पुन्हा जोडता येते. पण ती आपोआप जोडली जात नाही. कुणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते आणि शेजाऱ्याने दार उघडावे लागते. आपल्या गावचा उरूस, आपल्या गावची जत्रा न मोडता चालत आली असेल, तर ती थोरांनी आपल्या हाती दिलेली ठेव आहे, ती जपू या.