आलेखी गणकयंत्रातील रूपांतर व दर्शन-मांडणी

आलेख काढणाऱ्या गणकयंत्रावर एखादी संख्या, कोन किंवा बिंदू निराळ्या रूपात मिळवण्याची आणि उत्तर पडद्यावर कसे दिसावे हे ठरवण्याची सोय. (पहा : गणकयंत्र, आलेख).

कॅसिओचे एफएक्स-७०००जी (१९८५) हे बाजारात आलेले पहिले आलेखी गणकयंत्र. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ १९९० मध्ये आणि टीआय-८३ १९९६ मध्ये आले. पुढील तपशील टीआय-८३ व त्याच्या वंशातील यंत्रांचा आहे.

रूपांतराची आज्ञा फक्त त्या उत्तरापुरती लागू होते. ०.३७५ चे ३/८ होते. छेद तीन अंकांहून मोठा येत असल्यास टीआय-८३ दशांश रूपच परत देते. १२.५ अंशांचे १२° ३०′ होतात. कार्तीय बिंदू (३, ४) याचे ध्रुवीय अंतर ५ व कोन सुमारे ५३.१३° येतो. (पहा : सहनिर्देशक पद्धती).

दर्शनाची मांडणी मात्र बदलेपर्यंत टिकते. साधे, वैज्ञानिक व अभियांत्रिकी असे तीन प्रकार असून शेवटच्यात १० चा घातांक ३ च्या पटीत राहतो. दशांश स्थळे ० ते ९ पर्यंत बांधता येतात. दोन स्थळे ठेवल्यास २/३ हे ०.६७ दिसते, पण साठवलेली किंमत तशीच राहते आणि तिला ३ ने गुणल्यास २ च मिळतात. यंत्र १४ अंकांपर्यंत साठवते, दाखवते १०.

कोनाच्या एककाचे तसे नाही. ते मांडणीच्याच यादीत असले तरी उत्तरच बदलते : ३० ची ज्या अंशांत ०.५, तर रेडियनमध्ये सुमारे −०.९८८. (पहा : त्रिकोणमिती).