बंदूक, वारशाची

बंदूक, वारशाची : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या घराण्यांत वडिलोपार्जित म्हणून आढळणारे, छर्रे उडविणारे अग्निशस्त्र. रानडुकरे व वानर यांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी या भागात बंदुकीचे शेतीसंरक्षण परवाने देण्यात आले. त्यामुळे ठासणीची बंदूक येथे केवळ भिंतीवरची शोभा ठरली नाही.

अशा बंदुकीचा इतिहास घरच्या आठवणीवरून ठरविणे धोक्याचे असते. कोल्हापूरकरांनी १८१२ मध्ये मालवण इंग्रजांस दिले, शेजारी सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत टिकले आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तीन राजवटींच्या या सांध्यावर शस्त्र कोणत्याही वाटेने घरात आलेले असू शकते. ‘ही पेशवाईतील’ असे अभिमानाने सांगितले जाते. पण घोड्याखाली टोपी बसविण्याची सोय असेल, तर तो दावा सहसा टिकत नाही. आघाताने पेटणाऱ्या दारूचे एकस्व फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. तांब्याच्या टोपीचा प्रसार मात्र १८२० नंतरचा, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा आहे. मूळची चकमकीची बंदूक मागाहून टोपीची करून घेतल्याचीही उदाहरणे असल्याने कळीच्या पट्टीवरील बुजविलेली भोके पाहावीत.

तपासणीपूर्वी बंदूक भरलेली नाही याची खात्री करणे अगत्याचे. ठासणीचा गज नळीत घालून आतली खोली मोजावी व ती नळीच्या बाहेरील लांबीशी ताडून पाहावी. बरेच अंतर उरल्यास जुना बार आत असण्याचा संभव असतो. अशी नळी जाणकाराच्याच हाती द्यावी.

खरा पुरावा नळीच्या खालच्या बाजूस, दस्त्याआड दडलेला असतो. तेथील चाचणीचे ठसे कारखान्याचा देश व काळ सांगतात. मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड व बी, सी, पी ही रोमन अक्षरे असा ठसा बर्मिंगहॅमचा असून तो १८१३ ते १९०४ या काळातील होय. लंबवर्तुळातील ई, एल, जी ही अक्षरे बेल्जियममधील लिएजची. त्यांवर मुकुट असल्यास बंदूक १८९३ नंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द सु. १८७५ ते १८८७ या काळातील आकुंचित तोंडाच्या इंग्रजी नळ्यांवर आढळतात. नळीवरचे ठळक नाव मात्र पुष्कळदा विक्रेत्याचे असते. कोलकात्याच्या रॉडा कंपनीसारख्या पेढ्या परदेशी बंदुका विकत असत. नामांकित इंग्रजी कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे बेल्जियन मालावर घालण्याचीही प्रथा होती. दस्ता अक्रोडाऐवजी शिसवीचा असेल, तर तो येथे मागाहून बसविलेला असावा.

लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळीवर लाटांसारखी नक्षी दिसते. हीच नक्षी घासूनपुसून चकचकीत करण्याच्या हौसेने अनेक बंदुकांचे मोल नष्ट झाले आहे. अशा नळीत आधुनिक निर्धूम दारूचा बार उडविणे जिवावर बेतू शकते.

मोल ठरते ते मूळ अवस्था, कारागीर व दुर्मिळता यांवर. परदेशी लिलावांतील आकडे मालवणातील घरास लागू पडत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही आणि देशात ग्राहक मुख्यतः परवानाधारकच असतो. दुरुस्तीनेही चालू न होणारे जुन्या धर्तीचे शस्त्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून वगळले आहे. पण ठासणीची बंदूक बहुधा चालू करता येते. म्हणून परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.