वर्णानुक्रम, आडनाव आणि समान संधी : ऑस्ट्रेलियातील १९३७ च्या सिनेट निवडणुकीच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नावांची कोणतीही यादी करावयाची झाल्यास ती वर्णानुक्रमाने करावी, हा संकेत आज इतका रूढ झाला आहे की त्यामागे काही भूमिका असू शकते असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. उलट, ज्येष्ठता, प्रतिष्ठा, जात, संपत्ती अशा कोणत्याही कसोटीने यादी केली तर पक्षपाताचा आरोप होईल, म्हणून वर्णानुक्रमाचा आश्रय घेतला जातो. प्रस्तुत लेखकाचे आडनाव वर्णमालेच्या उत्तरार्धातील असल्यामुळे विद्यार्थिदशेत प्रत्येक तोंडी परीक्षेला सायंकाळपर्यंत ताटकळावे लागले. त्यावेळी तो नशिबाचा भाग वाटला. प्रस्तुत लेखात मात्र या 'निःपक्षपाती' क्रमाचा इतिहास तपासून, त्यातून निर्माण होणारा छुपा पक्षपात एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वर्णानुक्रमाने नोंदी लावण्याची पद्धत प्राचीन आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहाची सूची करणाऱ्या कॅलिमॅकसने ती वापरल्याचे मानले जाते. परंतु दीर्घकाळ विद्वानांना विषयवार रचनाच अधिक प्रतिष्ठित वाटत होती. आपल्याकडील 'अमरकोश' स्वर्ग, भूमी इत्यादी वर्गांनी रचलेला आहे आणि शिवकालीन 'राज्यव्यवहारकोश'ही वर्गवारच आहे. मराठीत मोल्सवर्थचा कोश (१८३१) वर्णानुक्रमी आहे. युरोपात दिदरो व दालांबेर यांच्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ मध्ये वर्णानुक्रमाने प्रसिद्ध झाला. या रचनेत ईश्वर, राजा आणि सुताराचे अवजार यांना एकाच रांगेत उभे राहावे लागते. वर्णानुक्रमाला 'समतावादी' हे बिरुद मिळण्यामागे असा काही इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे.

शब्दांच्या बाबतीत हे ठीक आहे. कोशात आरंभी आल्याने कोणत्याही शब्दाचा लाभ होत नाही. माणसांच्या नावांची यादी झाली, आणि त्या यादीवरून निवड होऊ लागली, की परिस्थिती पालटते.

१९३७ ची निवडणूक :

ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १९०१ मध्ये अस्तित्वात आले. तेथे १९१८ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी आणि १९१९ मध्ये सिनेटसाठी पसंतिक्रमाची मतदानपद्धती स्वीकारली गेली. या पद्धतीत मतदाराने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे क्रमांक लिहावयाचे असतात. पुढे १९२४ मध्ये कायद्याने मतदान सक्तीचे झाले. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहून कमी मतदान झाले होते, ते १९२५ मध्ये एक्क्याण्णव टक्क्यांवर गेले. म्हणजेच राजकारणात फारसा रस नसलेला, केवळ दंड टाळण्यासाठी येणारा मोठा मतदारवर्ग मतदानकेंद्रावर येऊ लागला. त्याच्या हाती जी मतपत्रिका पडे तिच्यावर पक्षाचे नाव छापलेले नसे आणि पुढे तर अनेक नावांची रांग असे. असा मतदार वरून खाली क्रमाने आकडे लिहून मोकळा होई. अशा मतास तेथे 'डाँकी व्होट' म्हणतात. आपण त्याला 'गाढवमत' म्हणू. शब्द अवमानकारक आहे खरा, पण माझ्या मते दोष मतदाराइतकाच मतपत्रिकेचाही होता.

सिनेटच्या मतपत्रिकेवर पक्षांचे गट असत, आणि गटांचे स्थान त्यांतील उमेदवारांच्या आडनावांच्या वर्णक्रमावर ठरे. ही मेख मजूर पक्षाच्या न्यू साऊथ वेल्स शाखेने नेमकी हेरली. २३ ऑक्टोबर १९३७ रोजी झालेल्या निवडणुकीत तेथील चार जागांसाठी या पक्षाचे उमेदवार होते अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली. चौघांचीही आडनावे रोमन 'ए' या अक्षराने सुरू होणारी. चौघेही निवडून आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या वर्षी इतर काही राज्यांतही मजूर पक्षाने सिनेटच्या जागा जिंकल्या होत्या, आणि त्यावेळच्या मतमोजणीच्या पद्धतीमुळे बहुधा एका राज्यातील सर्व जागा एकाच पक्षाकडे जात. तेव्हा केवळ 'ए' या अक्षराने विजय मिळाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला यशाच्या कारणाइतकेच महत्त्वाचे वाटावे ते उमेदवारीचे कारण. एखाद्या लायक कार्यकर्त्याचे आडनाव 'डब्ल्यू'ने सुरू होत असेल तर त्याचा विचार कसा झाला असता, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पक्षपात मतपेटीत होण्यापूर्वी उमेदवार निवडतानाच होऊन गेला होता.

या घटनेनंतर १९४० मध्ये कायदा बदलून सिनेटच्या गटांचे स्थान चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची तरतूद झाली. आश्चर्य असे की कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर वर्णानुक्रम आणखी चार दशकांहून अधिक काळ कायम राहिला. १९८४ च्या निवडणुकीपासून तेथेही चिठ्ठीपद्धती आली आणि मतपत्रिकेवर पक्षांची नावेही छापली जाऊ लागली. त्याच वर्षी केली व मॅकॅलिस्टर या अभ्यासकांनी ऑस्ट्रेलिया व ब्रिटन येथील मतपत्रिकांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध करून या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा केली.

विद्याक्षेत्रातील अनुभव :

हा प्रश्न निवडणुकीपुरता मर्यादित नाही. अर्थशास्त्राच्या संशोधनपत्रिकांत सहलेखकांची नावे वर्णानुक्रमाने देण्याची प्रथा आहे. लिरान आयनाव्ह व लीट यारिव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेच्या आरंभीच्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायमपद मिळण्याची शक्यता अधिक असते. मानसशास्त्रात नावे वर्णानुक्रमाने दिली जात नाहीत. तेथे असा फरक दिसला नाही. ही तुलनाच त्या अभ्यासाचे बळ आहे, कारण तिच्यामुळे दोष आडनावाकडून प्रथेकडे वळतो. 'अमुक आणि इतर' असा संदर्भ देताना 'इतर' मध्ये कोण गडप झाले, याचा विचार आपण संदर्भसूची तयार करताना क्वचितच करतो.

भारतीय व मराठी संदर्भ :

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी होती. मतपत्रिकेवर सर्व नावे छापून खूण करण्याची पद्धत नंतर आली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३८ नुसार उमेदवारांची यादी वर्णानुक्रमाने होते. १९९६ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त पक्षांचे, नोंदणीकृत पक्षांचे व अन्य असे तीन वर्ग करून प्रत्येक वर्गात तो क्रम ठेवला. निवडणूक चिन्हामुळे येथे गाढवमताला फारसा वाव नसावा, असे मला वाटते. अपक्षांची स्थिती मात्र वेगळी आहे. २०१९ मध्ये निजामाबाद मतदारसंघात १८५ उमेदवार होते आणि त्यांच्यासाठी बारा मतदानयंत्रे जोडावी लागली. त्या रांगेच्या शेवटी असलेल्या अपक्षाचे चिन्ह शोधण्यासाठी मतदाराने किती वेळ द्यावा?

मराठी माणसाला या क्रमाचे कृत्रिम स्वरूप समजणे तसे सोपे आहे, कारण तो दोन वर्णमालांत वावरतो. 'भोसले' रोमन यादीत वर असतात, तर देवनागरीत बरेच खाली जातात. 'झेंडे' रोमन लिपीत अगदी शेवटी, देवनागरीत कितीतरी वर. 'हिरे' यांचे नेमके उलट. 'क्षीरसागर' क मध्ये घालावयाचे की ह, ळ यांच्याही नंतर, याबद्दल तर कार्यालयागणिक वेगळा शिरस्ता दिसतो. फक्त 'आपटे' दोन्हीकडे निश्चिंत. (वरील चार ऑस्ट्रेलियन उमेदवार देवनागरीतही अग्रभागीच राहतील, मात्र आर्थर हे आर्मस्ट्राँग यांच्या पुढे जातील.)

हजेरीपट आणि गुणपत्रिका :

आपल्या महाविद्यालयांशी थेट संबंध असलेला मुद्दा शेवटी नोंदवितो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये संगणकप्रणालीवरील तीन कोटींहून अधिक मूल्यमापन-नोंदी तपासल्या. वर्णानुक्रमाने तपासणी झाली असता आरंभीच्या आडनावांच्या विद्यार्थ्यांना शंभरपैकी सुमारे ०.३ गुण अधिक, तर अखेरच्यांना तितकेच कमी मिळाल्याचे दिसले. उलट क्रमाने तपासणी करणाऱ्यांच्या बाबतीत फरकही उलटला. हा फरक लहान आहे. परंतु प्रवेशाची यादी दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर तुटते, हे आपण दरवर्षी पाहतो.

हा अभ्यास वाचल्यानंतर मी अंतर्गत मूल्यमापनाचा गठ्ठा शेवटच्या हजेरी क्रमांकापासून तपासावयास घेतला. मध्यरात्री उशिरा पहिल्या पाच क्रमांकांच्या उत्तरपत्रिका हाती आल्या तेव्हा डोळे मिटत होते, आणि शेरे एकेका शब्दावर आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाच पुन्हा तपासल्या, दोघांचे गुण वाढले. आता गठ्ठा आधी पिसून घेतो.