भिलाईचं पंपहाउस

भिलाई म्हटलं की लोकांना रशियन इंजिनियर, रेल्वेचे रूळ आणि मैत्रीबाग आठवते. मला पंपहाउस आठवतं. त्याची ही गोष्ट.

2 फेब्रुवारी 1955 ला भिलाईसाठी भारत-सोव्हिएत करार झाला. त्याच्या सतराच दिवस आधी, 16 जानेवारीला, खडकवासल्याला आमच्या प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं होतं. (दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती, हे आपल्या मंडळींच्या सहसा लक्षात नसतं. 1 नोव्हेंबर 1956 नंतर भोपाळ आलं.) 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 10 लाख टन पोलादाची. इतिहासाच्या पुस्तकातली भिलाई साधारण इथेच संपते.

पण भट्टी पेटवली की ती वर्षानुवर्षं विझवायची नसते. दल्ली-राजहराचं लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक एक दिवस उशिरा आला तर साठ्यावर भागतं. पाण्याचं तसं नाही. तांदुला धरणाचं पाणी मरोदा तलावात येतं, आणि तिथून पुढे सगळा कारभार पंपांचा. शिवाय कारखान्याने सेक्टर पाडून आख्खं गाव वसवलं. त्याचे दिवे, नळ, सेक्टर 9 चं रुग्णालय, सगळं कारखान्याच्याच गळ्यात. फौजी माणसाला हे ओळखीचं वाटतं. छावणीत हेच काम एमईएस करते, 1923 पासून. तिथे इमारती-रस्ते म्हणजे बी/आर आणि वीज-यंत्रं म्हणजे ई/एम. बी/आरचं काम डोळ्यांना दिसतं, रंग लावला की साहेब खूश. ई/एमचं काम बंद पडल्यावरच दिसतं.

एका स्टेशनवर (नाव नको) मी पंपहाउसमध्ये जाऊन स्टँडबाय पंप चालवून दाखवा म्हटलं. एफजीएम जुना माणूस. शांतपणे म्हणाला, "साहेब, त्याची मोटर मोठ्या पंपाला लावलीय." लॉगबुकात दर आठवड्याला स्टँडबायची चाचणी 'ठीक' होती. मी त्याला रागावलो नाही. मोटरची मागणी त्याने केव्हाच दिली होती. ती वर कुठेतरी अडकली होती, आणि त्या वर्षी पैसा प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्च झाला होता.

आमच्याकडे पंप बसला तर फार तर टँकर बोलवावा लागतो. भिलाईत काय होतं, ते 12 जून 2014 ला दिसलं.

झोतभट्टीतून निघणारा वायू फुकट घालवत नाहीत, इंधन म्हणून वापरतात. त्याआधी पाण्याचे फवारे मारून त्यातली धूळ काढतात. या वायूत पाव भागाच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो नळांच्या आत राहतो तो पाण्याच्या दाबामुळे. म्हणजे तिथलं पाणी नुसतं धुवायला नसतं, वायूला अडवून धरणारं दारही तेच असतं. त्या संध्याकाळी दोन नंबरच्या पंपहाउसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब पडला आणि वायू बाहेर आला. सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तीसहून अधिक जणांना बाधा झाली.

हे दोन अधिकारी माझ्या मनातून जात नाहीत. एवढ्या हुद्द्याच्या माणसाने कार्यालयात बसून अहवाल मागवला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. बाहेरच्या माणसाला 'पंप बिघडला' ही प्लंबरला बोलवायची बातमी वाटते. तिथल्या माणसांना तिचा अर्थ माहीत असतो.

पुढे 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हन विभागात पुन्हा माणसं गेली. पहिल्याच दिवशी नऊ, नंतर भाजलेल्यांपैकी आणखी काही. या वेळी बिघाड दुरुस्त करायची धावपळ नव्हती. वायुवाहिनीच्या ठरलेल्या देखभालीचं काम चालू होतं, आणि त्यातच आग भडकली. दोन्ही वेळा जखमींना नेलं ते सेक्टर 9 च्या त्याच रुग्णालयात, जे कारखान्यानेच उभारलं आणि कारखानाच चालवतो.